पोहण्याच्या वेळांचं पान

चौकटीभोवती लाल रेघ उमटली. मास्तरांनी पुन्हा 'पुढे' दाबलं. पुन्हा लाल.

चौकटीच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'आपण स्वतः डिझाइन केलेल्या आणि सध्या चालू असलेल्या एका वेबसाइटची लिंक'. फक्त एक. चोवीस वर्षांत मास्तरांनी शंभराच्या वर वेबसाइट केल्या होत्या. त्या चौकटीत टाकायला त्यांच्याकडे एकही नव्हती.

अर्ज नोकरीचा होता. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत, आणि आज बुधवार. अकरा वर्षं ज्या कंपनीत काढली, तिनं डिझाइनचा विभाग महिनाअखेरीला गुंडाळायचं ठरवलं होतं. वय बावन्न. या धंद्यात बावन्न म्हणजे काय, हे मास्तरांना कुणी सांगायची गरज नव्हती. महिनाभर जाहिराती चाळून ही एक सापडली होती, जिच्यात वयाची अट नव्हती. अट होती ती या चौकटीची.

मास्तर म्हणाले, ही लाल रेघ ज्यानं काढली त्यानं पुढे दोन शब्द लिहायला हवे होते. नुसतं लाल केलं की माणसाला वाटतं आपणच चुकलो.

शेजारच्या टेबलावरच्या एमएनं मान वर केली. ती साहित्यात एम. ए. करून आलेली, वेबसाइटवरचा मजकूर लिहायची, म्हणून ऑफिसात तिचं नाव एमए. मास्तरांचं नावही असंच पडलेलं. त्यांनी शाळेत एक दिवस शिकवलं नव्हतं. पण टेबलावर कायम एक स्टीलची पट्टी असायची, आणि एखादी साइट आवडली की ते ती पट्टी थेट स्क्रीनच्या काचेला लावून मोजमाप घ्यायचे. नवीन आलेली पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. मोजायची सोय संगणकात होती, हे मास्तरांनाही माहीत होतं. त्यांचं म्हणणं, संगणकाला माप कळून उपयोग नाही, ते आपल्या हाताला कळलं पाहिजे.

मोजलेलं सगळं वहीत जायचं. अशा अकरा वह्या होत्या.

एमएनं त्यातली पहिली वही वर्षभरापूर्वी सहज म्हणून घरी नेली होती. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. तिसऱ्या दिवशी दुसरी वही मागितली. अकरा वह्या संपल्यावर तिनं विचारलं, हे तुम्ही कुणासाठी लिहिलंत? मास्तर म्हणाले, कुणासाठी कशाला, विसरू नये म्हणून. डिग्रीसाठी तिनं ढिगानं पुस्तकं वाचली होती, त्यांवर पानंच्या पानं लिहिली होती. वेबसाइटबद्दल कुणी असं लिहीत असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

एका पानावर पेन्सिलीनं छत्र्यांच्या दुकानाची साइट काढलेली. खाली लिहिलेलं: 'पान आडवं सरकतं. सरकवलं की छत्र्या एकामागून एक उघडतात, आणि शेवटची उलटी होते. हा माणूस हुशार आहे. पण दुकानाचा फोन नंबर शोधायला मला चार मिनिटं लागली. हा माणूस उपाशी मरेल.'

दुसरीकडे: 'पियानो जुळवणाऱ्याची साइट. सगळं काळं. माउस नेला तिथे तेवढाच उजेड. अंधारात हळूहळू पट्ट्या सापडतात. मी पाऊण तास बसलो. बायको म्हणाली, स्क्रीन बिघडला का?'

अवजारांवरही होतं. मास्तर सॉफ्टवेअरला अवजारच म्हणत. 'नवीन अवजार आलं. यात गोल कोपरा एका टिचकीत होतो. आता वर्षभर सगळ्या जगाचे कोपरे गोल होणार.' आणि त्याच्याखाली वर्षानंतरची तारीख टाकून एकच शब्द: 'झाले.'

आणखी एक: 'जुन्या अवजारात केलेलं वीस वेळा पुसता यायचं. यात हवं तितक्या वेळा. पहिल्यांदा फार बरं वाटलं. आज लक्षात आलं, मी विचार न करताच हात चालवतोय.'

या वह्यांचं मूळ सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत होतं. मास्तर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. खोलीत तीन माणसं, दोन संगणक आणि एक टेलिफोन. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. आधी तो चिरका आवाज, मग खरखर, मग शांतता. ती शांतता झाली की तिघं सरसावून बसायचे. त्यात कुणाचा फोन आला की सगळं तुटायचं. खालच्या सायकलवाल्याला त्यांनी हात जोडून सांगितलं होतं की बाबा, आमच्या नंबरवर तुझ्या गिऱ्हाइकांना फोन करायला सांगू नकोस. तो हो म्हणायचा आणि सांगायचाच.

पान वरून खाली उतरायचं, ओळ ओळ करून. आधी आभाळ दिसायचं, मग डोंगराचं टोक, मग खूप वेळ नुसता डोंगर. तिघं पैजा लावायचे की खाली काय निघेल. एक म्हणायचा गाडी, दुसरा म्हणायचा घोडा. एकदा चार मिनिटं थांबून खाली बुटाची जाहिरात निघाली, आणि तिघंही पोट धरधरून हसले. मास्तरांना आजही ती खोली आठवली की आधी ग्रीसचा वास येतो, मग ते अर्धवट उतरलेलं आभाळ.

एवढ्या कष्टानं आलेलं पान बंद केलं की गेलं. पुन्हा बघायचं तर पुन्हा तेवढंच थांबा. म्हणून मास्तरांनी ते वहीत उतरवायला सुरुवात केली. सवय लागली ती लागलीच. पुढे पानं डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडायला लागली, सोबतचे दोघं दुसऱ्या धंद्यात गेले, सायकलचं दुकान गेलं. वही राहिली.

फक्त एक गोष्ट झाली. त्या अकरा वह्यांत मास्तरांची स्वतःची एकही साइट नव्हती. लोकांच्या शेकडो साइट त्यांनी मिलिमीटरमध्ये मोजून ठेवल्या होत्या. स्वतःच्या कामाचं साधं चित्रसुद्धा कधी काढलं नव्हतं. आपलंच तर आहे, ते कुठे जातंय, असं त्यांना वाटायचं.

कंपनीतल्या अलीकडच्या साइट चार-पाच जणांनी मिळून केलेल्या, आणि एकट्यानं केलेलं होतं ते सगळं गेलं होतं. बुधवारी दुपारी दोघं शोधायला बसले तेव्हा कळलं, किती गेलं होतं. मास्तर आठवून पत्ता सांगायचे, एमए टाइप करायची. मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या जागी रिकामं पान. बेकरीच्या पत्त्यावर टक्कल झाकायच्या टोपांची जाहिरात. दातांच्या डॉक्टरांची साइट होती, पण ती दुसऱ्याच कुणी नव्यानं केली होती, सगळे कोपरे गोल. मास्तर ती थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, बरी केलीय.

लोकरीच्या दुकानाच्या साइटवर त्यांचा सगळ्यात जास्त जीव. एक्केचाळीस दिवस लागले होते. माउसच्या मागे एक धागा यायचा आणि माणूस जिथे जिथे फिरेल तिथे वीण पडत जायची. निघताना प्रत्येकाचं वेगळं विणलेलं तयार. दुकानाच्या मालकीणबाईंनी ते बघून मास्तरांच्या लेकीसाठी टोपडं विणून पाठवलं होतं. पण ती साइट ज्या अवजारात केली होती ते अवजारच पुढे बंद झालं. जगभर एका तारखेला. त्यात केलेलं जे जे होतं तिथे एक राखाडी चौकोन उरला.

जुन्या साइट साठवून ठेवणारी एक जागा असते, तिथे एमएला लोकरीच्या दुकानाचं पान सापडलं. चित्रं आली नाहीत, रंग आले नाहीत, धागा आला नाही. 'आमच्याकडे सर्व ऋतूंसाठी लोकर मिळेल' एवढं वाक्य तेवढं नीट उमटलं. एमए ओशाळली. आम्हा लिहिणाऱ्यांचं राहिलं, तुमचं गेलं, एवढंच ती हळू आवाजात म्हणाली.

मास्तर घरी आले. बायको एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची, तीही नुकतीच आली होती. मास्तरांनी तिला झालेलं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तलावाचं पान आहे की. मागच्याच महिन्यात मी त्यावर वेळ बघितली.

मास्तरांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी हात झटकला. बायकोचा मोठा भाऊ पोहायच्या तलावावर शिकवायला होता. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी तो येऊन बसला होता. तलावाच्या वेळा विचारायला दिवसभर फोन येतात, खिडकीवरची बाई वैतागलीय, तुम्ही एवढे मोठे कलाकार, एक पान करून द्या की. मेहुण्याला नाही कसं म्हणायचं? मास्तरांनी दुपारभरात, कुठलंही अवजार न घेता, हातानं टाइप करून एक पान उरकलं. वर निळी पट्टी, खाली सहा ओळी. पुढे मेहुण्याची दुसरीकडे बदली झाली आणि मास्तर ते पान विसरून गेले.

"ते डिझाइन नाही," मास्तर म्हणाले.

"अहो, पण ते चालू पाहिजे म्हणतात ना? ते चालू आहे. सुंदर पाहिजे असं कुठे म्हणाले?"

"लाज वाटेल मला ते दाखवायला."

"घरी बसून राहायची वाटणार नाही ना?" बायको म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

गुरुवारी एमएनं ते पान उघडलं. ते होतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, वर निळी पट्टी, वेळा. मास्तर खुर्ची मागे सरकवून बसले. बघवत नाही म्हणाले. एमएला मात्र दुसरीच शंका आली. वेळा या वर्षीच्या होत्या. मग हे पान बदलतंय कोण?

एमएनं पानाच्या पोटातला कोड उघडला. कसा उघडायचा ते मास्तरांनीच तिला शिकवलं होतं. या कोडमध्ये अशाही ओळी लिहिता येतात ज्या बघणाऱ्याला कधी दिसत नाहीत. उघडून आत डोकावणाऱ्यालाच फक्त त्या दिसतात. ती वाचायला लागली. थोडं वाचून थांबली, पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी मोठ्यानं.

'ताई, फक्त खालच्या सहा ओळींना हात लावायचा. टोकदार कंसांच्या मधलं तेवढं बदला. कंस पुसू नका. पुसला गेलाच तर घाबरू नका, सेव्ह न करता बंद करा आणि पुन्हा उघडा. पान मोडलं तरी तलाव मोडत नाही.'

"हे तुमचं," एमए म्हणाली.

मास्तरांना आठवलं. खिडकीवरच्या बाईंना संगणकाची धास्ती होती, म्हणून लिहिलं होतं. फाइल त्यांच्याच संगणकावर ठेवली होती, आणि एका चित्रावर दोनदा टिचकी मारली की पान वर जाईल अशी सोय करून दिली होती. पण एमए थांबली नव्हती. त्याच्याखाली दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं होतं.

'केलं. जमलं. खिडकीवरची.'

'सर, रविवारी लहान मुलांची वेळ वाढवली. ओळी सात झाल्या. चालेल ना? विचारायला फोन केला होता, तुमचा नंबर बदललाय.'

'उद्या मी रिटायर. माझ्या जागी जी कुणी येईल तिला: वर सरांनी लिहिलंय ते नीट वाच. मी पहिल्यांदा न वाचता केलं आणि तलाव पहाटे तीनला उघडतो असं दोन दिवस दिसत होतं. एक आजोबा टॉवेल घेऊन खरंच आले. रखवालदारानं त्यांना चहा पाजला.'

'नवीन आहे. वाचलं. तरी कंस पुसला. बंद करून उघडलं, सगळं जागेवर. ज्यांनी लिहून ठेवलं त्यांचे आभार.'

'तळ गळतोय म्हणून चार महिने बंद. ही ओळ लिहिताना वाईट वाटलं.'

'आज उघडला.'

'मी पुरुष आहे, ताई नाही. पण सूचना लागू पडल्या.'

'साहेब म्हणाले, नवी रंगीत साइट करू. मी म्हटलं, लोकांना वेळ कळतेय. साहेब बदलून गेले. पान आहे.'

'सर, भाच्यानं सांगितलं म्हणून वरती एक ओळ घातली. आता फोनवर अक्षरं मोठी दिसतात. बाकी कशाला हात लावलेला नाही.'

शेवटच्या दोन ओळी तिनं मनात वाचल्या. मास्तर पुढे झुकून स्वतः वाचत होते. त्यांनी पट्टी उचलली, स्क्रीनला लावली आणि काही न मोजता खाली ठेवली.

थोड्या वेळानं एमएनं अर्ज उघडला. आता ही लिंक टाकू, म्हणाली. मास्तर नाही म्हणाले. तिला वाटलं, अजून लाज वाटतेय. पण मास्तरांची अडचण वेगळीच होती. ते म्हणाले, माझं म्हणून कसं दाखवू? मी एक दुपार काढली, यांनी एकोणीस वर्षं काढली. निदान विचारायला तर पाहिजे.

शुक्रवारी दुपारी तीनला ऑफिसातून निघून मास्तर तलावावर गेले. क्लोरिनचा वास, ओल्या फरशीवर पावलांचे ठसे, काचेच्या खिडकीमागे चष्मा लावलेल्या एक बाई. बाईंनी मान वर न करता पास मागितला. मास्तर म्हणाले, पोहायला नाही आलो, वेबसाइटबद्दल बोलायचंय. बाई लगेच सावध झाल्या. नवीन साइट नको, आहे ती चांगली आहे, आणि कार्डबिर्ड ठेवून जाऊ नका, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

मास्तरांनी सांगितलं की आहे ती त्यांनी केली.

बाईंनी चष्मा कपाळावर नेला. "टोकदार कंसवाले?"

"हो."

"या, आत या. मला वाटलं होतं तुम्ही म्हातारे असाल."

"आहे की."

बाईंनी शेजारी स्टूल ओढलं. मास्तरांनी नोकरीचं सांगितलं, अर्जाचं सांगितलं, आणि तुमचं पान माझं म्हणून दाखवलं तर चालेल का, असं विचारलं. बाईंना हा प्रश्न काही समजला नाही. तुमचंच तर आहे, त्या म्हणाल्या. पण मग घुटमळल्या. त्यांचं एक काम दोन वर्षांपासून अडलं होतं. पाणी किती गार आहे असं लोक रोज फोन करून विचारतात, तेवढी एक ओळ त्यांना पानावर हवी होती. घालायचं धाडस होत नव्हतं. सरांनी सहाच ओळींना हात लावा असं लिहिलेलं, एक जास्तीची होतीच, एक फोनवाली, आता आणखी कशी घालायची?

सहाच ओळी म्हटलं तेव्हा सहाच ओळी होत्या, एवढंच त्याचं कारण होतं. मास्तर म्हणाले, घाला. बाईंनी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. मास्तरांनी परत सरकवला. तुम्हीच करा, मी इथे बसतो.

बाईंना वीस मिनिटं लागली. मध्ये तिघांचे पास झाले, एका मुलाचा हरवलेला चष्मा सापडला. कंस एकदा पुसला गेला. बाईंनीच बंद केलं, पुन्हा उघडलं. शेवटी चित्रावर दोनदा टिचकी मारली आणि आपल्या फोनवर पान बघितलं. 'पाण्याचं आजचं तापमान'. त्यांनी फोन मास्तरांच्या नाकासमोर धरला. मग त्या म्हणाल्या, अजून पुष्कळ विचारायचंय, पण इथे माणसं मध्येमध्ये येतात, तलाव बंद असतो त्या दिवशी तुम्ही निवांत या. मास्तर येतो म्हणाले. चार वाजून गेले होते. त्यांनी बाहेर येऊन एमएला फोन लावला आणि टाक म्हणाले. तिकडे चौकटीची लाल रेघ गेली.

पुढच्या गुरुवारी मुलाखत झाली. काचेच्या खोलीत टेबलाच्या पलीकडे तिशीची एक मुलगी होती, विभागाची प्रमुख. तिनं मास्तरांचं वय विचारलं नाही, इतर साइटचंही विचारलं नाही. तलावाचं पान तिच्या स्क्रीनवर उघडं होतं. ते तिनं शांतपणे वरून खाली बघितलं, तेवढ्याला दोन सेकंदही लागले नाहीत.

तिनं विचारलं, "सर, स्पष्ट विचारते. यात डिझाइन म्हणून तुमचं काय आहे?"

मास्तरांनी घरी बरंच काही जुळवलं होतं. अक्षरांचा आकार, ओळींमधलं अंतर, निळा रंग का. ते सगळं ऐन वेळी आठवेना.

"एकोणीस वर्षांत मला एकदाही बोलवावं लागलं नाही," ते म्हणाले.

मास्तरांनी तिला आतला कोड उघडायला सांगितलं. तिनं उघडला. वाचताना तिचा हात हनुवटीला लागला. मध्येच ती एकदा खुदकन हसली, मास्तरांना वाटलं आजोबांपाशी पोचली असेल. मग तिनं दाराबाहेर हात करून दोघांना आत बोलावलं, स्क्रीन त्यांच्याकडे वळवला, आणि तिघं खाली वाकून वाचायला लागले. मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. आपल्या कामाकडे लोकांना असं वाकून बघताना त्यांनी फार वर्षांत बघितलं नव्हतं.

मुलीनं विचारलं, हे असं चालेल असं तेव्हा वाटलं होतं का. मास्तर म्हणाले, छे, मला वाटलं होतं महिन्याभरात बंद पडेल.

मग ती कामाचं बोलली. इथे सगळे नवीन आहेत, म्हणाली, वर्ष झालं की दुसरीकडे जातात. मागच्यानं काय केलं ते पुढच्याला कळत नाही, आणि दरवेळी सगळं पहिल्यापासून. तिला असं कुणीतरी हवं होतं. पद जाहिरातीतलंच असेल, पण हाताखाली माणसं मिळणार नाहीत. मास्तर म्हणाले, नकोच आहेत.

"सोमवारपासून जमेल?"

मास्तरांनी मान हलवायला घेतली आणि थांबवली.

"मंगळवारी येतो," ते म्हणाले. "सोमवारी तलाव बंद असतो. बाईंना कबूल केलंय."

मुलीनं समोरच्या कॅलेंडरात मंगळवारच्या चौकटीत त्यांचं नाव लिहिलं.